बारक्या झोपला का?

सोमवारी सकाळी कुठल्याही ऑफिसच्या पँट्रीत जा. कॉफी मशीनसमोर उभ्या असलेल्या प्रत्येकाचा डायलॉग एकच, ‘यार, झोपच नाही झाली.’ का नाही झाली? कुणी रात्रभरात अख्खा सीझन संपवलेला, कुणाचा अमेरिकेतल्या क्लायंटबरोबर कॉल, तर कुणी नुसतंच मोबाइलवर अंगठा सरकवत बसलेलं. मीही त्यातलीच. फ्रीलान्सर म्हणजे रात्री दोनला कॉपी पाठवणार आणि सकाळी अकराला उठून जगाला दोष देणार! आपल्यासाठी झोप म्हणजे उधारीचं खातं. वीकेंडला चुकती करू, असा आपला फंडा.

हा फंडा माझ्या मामीला सांगायची मात्र माझी हिंमत नाही. कारण सलग चार तास शेवटची कधी झोपले, हे मामीला आठवत नव्हतं. मजा म्हणून नाही, खरोखरच आठवत नव्हतं.

मामाचं गाव गडमुडशिंगी. करवीर तालुक्यातलं, कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. लग्नाचा बस्ता बांधायला तुम्ही गांधीनगरच्या कापडबाजारात गेला असाल, तर त्याच्या शेजारचंच हे गाव. दुसऱ्या अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ. त्यामुळे मामाच्या गच्चीवरून एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला उतरणारं विमान, असा भारी सीन दिसतो. आणि त्या विमानाला रोज न चुकता हात करणारा एक प्राणी त्या गच्चीवर असतो. आमचा बारक्या.

बारक्या मामाचा धाकटा. वय चोवीस. घरात सगळ्यात गोड, सगळ्यात हट्टी आणि तांबड्या रश्श्याच्या बाबतीत सगळ्यात कडक परीक्षक. त्याला डाउन सिंड्रोम आहे. म्हणजे शरीरातल्या पेशींमध्ये एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. फ्रान्सच्या जेरोम लजून यांनी १९५९ मध्ये हे जगापुढे मांडलं. त्यामुळे बारक्याला काही गोष्टी शिकायला वेळ लागतो, बोलणं थोडं जड आहे, पैशांचा हिशेब जमत नाही. पूर्वी याला सरसकट ‘मतिमंद’ म्हणायचे. आता कायद्याच्या भाषेत बौद्धिक दिव्यांग. मामी दोन्ही म्हणत नाही. ‘आमचं पोरगं जरा हळू हाय,’ एवढंच म्हणते, आणि मला ते सगळ्यात बरोबर वाटतं.

गेल्या दिवाळीत चार दिवस मुक्कामाला गेले होते. पहिल्याच रात्री दीडच्या सुमाराला जाग आली. आधी वाटलं, बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू ठेवून गेलंय. मग कळलं, आवाज आतल्या खोलीतून येतोय. बारक्या घोरत होता. घरात त्याच्या घोरण्याला खरंच ‘ट्रॅक्टर’ म्हणतात, आणि पाहुणे आले की तो एक ठरलेला विनोद असतो. मीही लहानपणापासून हसत आलेय.

त्या रात्री मात्र हसू आलं नाही. कारण ट्रॅक्टर मध्येच बंद पडत होता. घोरणं, घोरणं, घोरणं... आणि एकदम शांत. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा सेकंद. मग एकदम पाण्यातून डोकं वर काढल्यासारखा मोठा हुंदका आणि पुन्हा घोरणं सुरू. दारातून डोकावले तर बारक्या मांडी घालून बसलेला, पुढे वाकून डोकं उशीवर टेकवलेलं. बसल्या बसल्याच झोपलेला! आणि शेजारी मामी जागी. हात त्याच्या पाठीवर.

‘असाच झोपतोय त्यो. ल्हानपणापास्नं,’ मामी हळूच म्हणाली. ‘आवाज थांबला की मी हलवतो. मग घेतोय श्वास.’

(कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’च म्हणतात. पुण्यात कितीही समजावून सांगा, लोकांना पटत नाही.)

म्हणजे ही बाई वर्षानुवर्षं रात्रभर आपल्या मुलाला हलवून श्वास घ्यायला लावत होती. कुणी सांगितलं म्हणून नाही, तिची तिलाच ही ड्यूटी समजली होती. पहाटे पाचला मामा धारा काढून डेअरीला दूध घालायला जाणार, सहाला मामीचा दिवस सुरू. आणि दिवसा बारक्या? तो कार्यशाळेत मेणबत्त्या बनवायला जातो. तिथून तक्रारी येत होत्या. डुलक्या काढतो, चिडतो, परवा एकाला ढकललं. दोन वर्षांपूर्वी असं नव्हतं.

मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का? दाखवलं होतं की! एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ही मुलं अशीच असतात.’ आणि रात्रीसाठी झोपेची गोळी लिहून दिली. मामीनं ती आठ दिवस दिली. ‘गोळीनं आवाज जास्तच थांबाय लागला, मग मीच बंद केली,’ ती म्हणाली. एम.ए. मास कॉम केलेल्या मला जे माहीत नव्हतं ते सातवी पास मामीनं आठ रात्रीत ओळखलं होतं.

आता जरा त्या ‘अशीच असतात’ बद्दल बोलू, कारण हेच दोन शब्द या अख्ख्या गोष्टीतले व्हिलन आहेत. तुम्ही-आम्ही असं घोरलो असतो, दिवसा मीटिंगमध्ये झोपलो असतो, चिडचिड केली असती, तर लोकांनी म्हटलं असतं, ‘अरे, चेकअप कर.’ बारक्याच्या बाबतीत सगळ्याला एकच उत्तर. चिडला? तसाच आहे. झोपला? तसाच आहे. झोपला नाही? तसाच आहे! एकदा कपाळावर लेबल चिकटलं की त्याच्या मागे दुसरं काही दुखत असेल, हे बघायचं लोक विसरतात. आणि बारक्यासारख्याला ‘रात्री माझा श्वास अडकतो’ हे वाक्य बनवता येत नाही. तो ते वाक्य दुसऱ्या दिवशी कुणाला तरी ढकलून बोलतो.

मी फार काही ग्रेट केलं नाही. मोबाइल काढला आणि वीस मिनिटांचा व्हिडिओ घेतला. आवाजासकट. तो घेऊन कोल्हापुरात छातीच्या एका डॉक्टरांकडे गेलो. मी, मामा आणि बारक्या (मधल्या सीटवर, मामीनं दिलेला लाडू खात). डॉक्टरांनी दोन मिनिटं व्हिडिओ बघितला आणि मामाला विचारलं, ‘इतकी वर्षं आला का नाहीत?’ मामा गप्प. काय सांगणार? आलो होतो, पण दुसऱ्या दारात.

याचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि हवेची वाट बंद होते. ऑक्सिजन खाली जातो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट उठवतो, श्वास सुरू होतो, पुन्हा झोप, पुन्हा वाट बंद. मोठ्या माणसात श्वास किमान दहा सेकंद थांबला तर एक झटका मोजतात. तासाला पाचपर्यंत ठीक, तीसच्या वर म्हणजे गंभीर. डाउन सिंड्रोममध्ये हे होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. निम्म्याहून अधिक जणांना ते असतं. कारण सरळ आहे. चेहऱ्याचा मधला भाग लहान, त्यामुळे आतली वाट अरुंद, त्या मानानं जीभ मोठी, स्नायू मुळातच ढिले. त्यात वजन वाढलं किंवा थायरॉइड बिघडलं की भर पडते. बसून, पुढे वाकून झोपणं हा शरीरानं स्वतःच शोधलेला जुगाड असतो, कारण तसं झोपलं की जीभ मागे पडत नाही. आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या तेच स्नायू आणखी सैल करतात. मामी बरोबर होती.

अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते की डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची झोपेची तपासणी चौथ्या वर्षापर्यंत करून घ्या, लक्षणं दिसोत वा न दिसोत. कारण आईबाबांना नुसतं बघून नेहमीच कळत नाही. बारक्याची तपासणी झाली चोविसाव्या वर्षी. वीस वर्षं लेट.

तपासणीची रात्र म्हणजे वेगळाच एपिसोड. डोक्याला, छातीला, बोटाला वायर. बारक्यानं दोनदा सगळ्या उपटून काढल्या. तिसऱ्यांदा मामीनं स्वतःच्या बोटाला क्लिप लावून दाखवली, मग साहेब तयार झाले. फॉर्मवर ‘पालकाची सही’ असा रकाना होता, तिथे थोडी गडबड झाली. मुलगा चोवीस वर्षांचा, मग सही कुणाची? हा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे. रिपोर्टमध्ये आकडा तीसच्या वर निघाला. रक्तात थायरॉइडही बिघडलेलं, जे खरं तर दर वर्षी तपासायला हवं होतं.

लहान मुलात बहुतेक वेळा आधी टॉन्सिल आणि ॲडेनॉइड काढतात. बारक्याला सांगितलं सीपॅप. उशाशी छोटं मशीन, त्याला नळी, नळीला नाकावर बसणारा मास्क. मशीन हलक्या दाबानं हवा सोडत राहतं, त्यामुळे घशाची वाट उघडी राहते. बस्स. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, आणि सुरुवातीच्या मशीनला चक्क व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती! किंमत ऐकून मामानं मनातल्या मनात अर्धी म्हैस विकली. पण बारक्याच्या नाकाला ते मशीन लावायचं कसं, हा प्रश्न म्हशीपेक्षा मोठा होता.

इथे मला डॉक्टरांचं कौतुक वाटतं. त्यांनी सांगितलं, ‘घाई करू नका. पहिला आठवडा मास्क झोपताना लावायचाच नाही.’ मग काय केलं? मास्क दिवसा टीव्हीसमोर नुसता हातात. मग मामाच्या तोंडावर (आख्खी गल्ली बघायला आली). मग बारक्याच्या नाकावर मोजून दहा आकड्यांपर्यंत. मग मशीन चालू, पण नुसतं बसून. दोन आठवडे काही पुढे सरकेना. आणि एका संध्याकाळी गच्चीवर विमान आलं. माझा मामेभाऊ सहज बोलून गेला, ‘पायलट बी असाच मास्क लावत्यात बारक्या.’

झालं! पुढचा आठवडाभर बारक्या मास्क काढेना. नळी हातात धरून ‘टेक ऑफ’ म्हणायचं, मगच आडवं व्हायचं. हा नियम अजून चालू आहे. टेक ऑफ म्हटल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही, कुणीही.

फिल्मी शेवट नाहीये हं. तीन-साडेतीनला तो मास्क काढून फेकतोच. सर्दी झाली की आठवडाभर बोंब. पण रात्रीचे चार-पाच तास तो आडवा झोपतो. आडवा! आयुष्यात पहिल्यांदा मामीनं त्याला उताणं झोपलेलं बघितलं आणि तिनं मला फोटो पाठवला. कार्यशाळेतून ढकलाढकलीची तक्रार अजून एकदाच आली, आणि त्यात म्हणे समोरच्याचीच चूक होती.

आता सगळ्यांचं दुखणं ॲप्निया नसतं, हेही सांगायला हवं, नाहीतर उद्या सगळे मशीन आणायला पळाल. बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये झोपेच्या तक्रारी एकूणच जास्त असतात, आणि कारणं भलतीच वेगवेगळी. स्मिथ-मॅगेनिस सिंड्रोम नावाचा एक दुर्मीळ प्रकार आहे, १९८२ मध्ये नोंदवला गेलेला. त्यात मेलाटोनिन, म्हणजे आपल्याला ‘रात्र झाली, झोपा’ सांगणारं हार्मोन, उलट्या वेळेला म्हणजे दिवसा वाढतं. त्या मुलाला रात्री ओरडून काय होणार? त्याचं घड्याळच आपल्या नाइट शिफ्टचं आहे. एंजलमन सिंड्रोमच्या मुलांना झोप मुळातच कमी पुरते. ज्यांना अजिबात दिसत नाही, त्यांना उजेड-अंधाराचा इशाराच मिळत नाही. काहींना रात्री फिट येतात, आणि झोप कमी झाली की फिट वाढतात. काहींचं दुखणं अगदी साधं असतं. बद्धकोष्ठता, ॲसिडिटी, किडलेला दात, अंगात लोह कमी असल्यानं पायांना येणारी चुळबुळ. बोलता येत नाही म्हणून रडतात, आणि आपण लिहून टाकतो ‘वर्तन समस्या’.

म्हणून पहिली गोष्ट गोळी नाही, वही. दोन आठवडे लिहायचं. किती वाजता आडवा झाला, किती वाजता खरंच झोपला, किती वेळा उठला, दिवसा कधी पेंगला, संध्याकाळी चहा किती प्याला. (आमच्याकडे चहाचं ऑडिट केल्यावर बारक्या दिवसाला पाच कप पितो हे बाहेर आलं. आजी गुपचूप देत होती.) सोबत मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ. एवढं घेऊन गेलात तर ‘अशीच असतात’ म्हणणं डॉक्टरलाही जरा अवघड जातं.

आणि घरातलं? उठायची वेळ रोज तीच, रविवारीसुद्धा. सकाळी ऊन. रात्री त्याच चार गोष्टी त्याच क्रमानं. तोंड धुणं, कपडे, गोष्ट, दिवा. शब्दांपेक्षा चित्रं लवकर कळत असतील तर भिंतीवर चार चित्रं लावा. एक युक्ती मला फार आवडली. मूल नऊला आडवं होतं आणि अकराला झोपतं, असं असेल तर नऊचा हट्ट सोडायचा. काही दिवस अकरालाच झोपवायचं, अंथरूण आणि झोप यांची पुन्हा दोस्ती होऊ द्यायची, आणि मग दर थोड्या दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे यायचं. मेलाटोनिनच्या गोळ्यांचा काही मुलांना खरंच उपयोग होतो. पण कुणाला, किती आणि किती वाजता, हे डॉक्टरच ठरवणार. बहिणीसाठी नेटवरून मागवून ‘ट्राय करून बघू’ हा प्रकार नको, प्लीज.

हे सगळं या पानावर कशाला, असं वाटत असेल तर तुमच्या ऑफिसात हळूच विचारून बघा. मी चार मित्रमैत्रिणींना बारक्याची गोष्ट सांगितली, तर त्यातल्या एकीनं खाली बघत सांगितलं, ‘माझी मोठी बहीण. सांगलीला असते, आईबाबांकडे.’ आम्ही सहा वर्षं एकत्र डबा खातोय! मला तिच्या बहिणीबद्दल काहीही माहीत नव्हतं. आपण मेट्रोचं, ईएमआयचं, बॉसचं सगळं बोलतो. हे नाही बोलत.

आपल्याकडे या विषयावर काहीच झालं नाही असंही नाही. मुंबईत वकील दांपत्यानं डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केलेली जय वकील शाळा आजही चालू आहे. पुण्यात सिंधुताई जोशींनी १९६४ मध्ये ‘कामायनी’ काढली. कोल्हापुरात शेंडा पार्कात ‘चेतना’ आहे. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनी एकत्र येऊन मोठ्या मुलांसाठी ‘घरकुल’ उभं केलं. जयवंत दळवींचं ‘नातीगोती’ आपल्या आईबाबांच्या पिढीनं रडत रडत बघितलं, अतुल परचुरेंचा बच्चू त्यांना अजून आठवतो. पण ती गोष्ट आईबाबांची होती. आता पाळी भावंडांची आहे. अमेरिकेत १९८३ मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं होतं, आज ते साठच्या घरात आहे. म्हणजे हिशेब करा. मामा आता अठ्ठावन्नचा. बारक्या चोवीस.

म्हणून तो सहीचा मुद्दा. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मुलाची अक्षमता कितीही असो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येतं. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजनाही आहे, एक लाखापर्यंतची. मामाला दोन्ही माहीत नव्हतं. कागद मामेभावानं भरायला घेतलेत. तो हिंजवडीत आयटीत आहे, आणि आतापर्यंत बारक्याच्या बाबतीत त्याचं काम दर महिन्याला पैसे पाठवणं एवढंच होतं. आता तो महिन्यातून एक शुक्रवार गावी जातो आणि त्या दोन रात्री बारक्याच्या खोलीत झोपतो. मामी वरच्या खोलीत, दार लावून. हा त्याचाच प्रस्ताव. मामी आधी तयारच नव्हती. ‘तुला जाग यायची न्हाई,’ म्हणाली. त्यानं गजर लावून दाखवला.

परवा रात्री पावणेतीनला मी नेहमीप्रमाणे कॉपी संपवत बसले होते आणि व्हॉट्सॲपवर मामी ऑनलाइन दिसली. धस्स झालं. लगेच फोन लावला. ‘काय झालं मामी? बारक्या बरा आहे ना?’

‘बरा हाय गं. झोपलाय, मशीन चालू हाय,’ ती कुजबुजली. ‘आवाजच येईना म्हणून मीच उठलो बघाय.’